निदान ‘कळले नाही’ एवढे तरी

बुलढाणा जिल्ह्यातले लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. सरकारी नकाशात हे भाग नाहीत. बोलण्यात मात्र ते पक्के आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या सपाट जमिनीकडे. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड आहे आणि ती उतरण्यासाठी राजूरचा घाट, बोथ्याचा घाट असे रस्ते आहेत. सोयरिकी, पिके, पाणी, बोलीतले हेल यांच्या संदर्भात हा भेद आपण नेहमी ऐकतो. मोटारगाडीच्या संदर्भात त्याचा विचार सहसा होत नाही. तो व्हायला हवा. कारण काही बिघाड असे असतात की ते घाटातच प्रकट होतात. आणि गॅरेज वर असो वा खाली, ते नेहमी सपाटीवरच असते.

उदाहरण घेऊ. आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेची सात वर्षे वापरलेली मोटार. राजूर घाट उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ झाले आणि तळाला गेले. दोनदा सोडून दाबल्यावर तिसऱ्यांदा ते कसेबसे लागले. खाली मोताळ्याला त्या थांबल्या, चहा घेतला, पुन्हा गाडीत बसल्या, तर ब्रेक जसाच्या तसा उत्तम. पहिल्या गॅरेजने पुढचे पॅड आणि मागचे शू बदलले. महिन्याभराने पुन्हा तोच घाट आणि तोच प्रकार. दुसऱ्या गॅरेजने बूस्टर बदलला; हा खर्च मोठा होता. तिसऱ्या वेळी गाडी घाटाखालच्या एका अधिकृत सेवा केंद्रात गेली. तिथे संगणक जोडला गेला, संगणकाने काहीही दोष दाखवला नाही, महामार्गावर चार किलोमीटर चालवून पाहण्यात आली आणि ‘ब्रेक तपासले, योग्य आहेत’ असा शेरा मारून परत देण्यात आली. निघताना तिथल्या तरुणाने प्राध्यापिकाबाईंना सुनावले, ‘मॅडम, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवत असाल.’ बाई गेली वीस वर्षे तो घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरत आल्या आहेत.

(ताराबाई शिंदे याच बुलढाण्याच्या. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ सालची. गॅरेजमध्ये बाईने बिघाडाचे वर्णन कितीही नेमके केले तरी उत्तर तिच्यासोबतच्या पुरुषाकडे पाहून दिले जाते, आणि पुरुष सोबत नसेल तर बिघाड तिच्या पायात असतो. ताराबाईंना हा विषय पुरला असता.)

चौथ्या वेळी गाडी पाहिली ती चिखली रस्त्यावरच्या एका वयस्क मिस्त्रींनी. त्यांनी बॉनेट उघडले नाही. आधी विचारले, ‘ताई, घाट उतरल्यावर चाकं पाह्यले का? कोन्तं चाक जास्त तपते?’ हा प्रश्न तोवर कोणीही विचारला नव्हता. गाडी मुद्दाम घाटातून खाली-वर नेली गेली. पुढचे डावे चाक बाकीच्या तिन्हींपेक्षा कितीतरी अधिक तापलेले निघाले. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या. म्हणून पाय काढल्यावरही त्या चाकाचा पॅड डिस्कला घासत राही आणि उष्णता साठत जाई. दुसरे असे की ब्रेक ऑइल सात वर्षांत एकदाही बदललेले नव्हते. ते काळपट झाले होते. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि पाणी मिसळले की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ‘डॉट-३’ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी शोषलेल्या अवस्थेत तो १४० अंशांपर्यंत खाली आला तरी मानकात बसतो. ‘डॉट-४’साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ही मर्यादा ओलांडली गेली की द्रवाची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते, म्हणून तो वाटेतच विरतो. चहा पिईपर्यंत वाफेचे पुन्हा द्रव होते आणि पुरावा नाहीसा होतो. पिना साफ करून ग्रीस लावणे आणि जुने द्रव पूर्ण काढून नवे भरणे, एवढ्यावर काम भागले. बूस्टरच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च चिल्लर होता.

या गोष्टीतून ‘जुने ते सोने’ असा अर्थ काढण्याचा मोह सोडला पाहिजे. हेच मिस्त्री कॉमनरेल डिझेल इंजिनापुढे हात टेकतात आणि तसे सांगतातही. शिवाय पहिले तिघे लबाड होते, असेही मला म्हणायचे नाही. त्यांनी बदललेले भाग खरोखर बदलले होते, बिले खरी होती, तिसऱ्याने गाडी खरोखर चालवून पाहिली होती. दुरुस्ती न जमणे हा गुन्हा नव्हे; वैद्यालाही सगळे रोग बरे करता येत नाहीत. माझी तक्रार वेगळी आणि अरुंद आहे. तिघांपैकी एकालाही बिघाडाचे कारण कळले नव्हते, आणि तिघांनीही गाडी ‘झाली’ म्हणून परत दिली. ज्या गाडीचा ब्रेक घाटात जातो ती गाडी बिघडलेली आहे हे ठाऊक असणे, ही तुलनेने सुरक्षित अवस्था आहे. माणूस ती गाडी घाटात नेत नाही. ती दुरुस्त झाली आहे असे खोटेच ठाऊक असणे, ही धोक्याची अवस्था आहे. म्हणजे प्रत्येक गॅरेजातून गाडी आत गेली त्यापेक्षा अधिक धोकादायक होऊन बाहेर पडली, आणि यांत्रिक अर्थाने तिच्यात काहीही बिघडवले गेले नव्हते. बिघडवले गेले ते तिच्याविषयीचे वाक्य.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या व्यवहाराकडे पाहावे ते याच कारणासाठी. मराठीत ‘निदान’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : रोगाचे मूळ कारण ओळखणे हा एक, आणि ‘किमान, एवढे तरी’ हा दुसरा. एका शब्दात ही दोन टोके कशी आली हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे. गॅरेजात मात्र दोन्ही अर्थ एकत्रच लागतात. आपण पैसे मोजतो ते निदान या पहिल्या अर्थासाठी, आणि ते न जमल्यास दुसऱ्या अर्थाने एवढेच मागतो की निदान ‘कळले नाही’ असे म्हणा.

वैद्यकातली परंपरा इथे आठवते. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथाने रोग ओळखण्याची पाच साधने सुरुवातीलाच मांडली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. म्हणजे कारण, आगाऊ दिसणारी चिन्हे, प्रत्यक्ष लक्षणे, उपाय करून पाहिल्यावर येणारा उतार, आणि रोग घडत जाण्याची प्रक्रिया. यातला ‘उपशय’ गॅरेजाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. लक्षणे झाकलेली असतील, रोग ओळखू येत नसेल, तर एखादा उपाय करून पाहावा. गुण आला तर एक गोष्ट कळते, न आला तर दुसरी. चरकसंहितेतही गूढ लक्षणांच्या व्याधीसाठी हीच वाट सांगितली आहे. आता, ‘हा पार्ट बदलून बघू’ हे आपल्या मेकॅनिकचे आवडते वाक्य म्हणजे उपशयच नव्हे काय? तत्त्वतः होय. भाग बदलून पाहणे ही अडाणी पद्धत नव्हे. पूर्वसूरींनी मान्य केलेली परीक्षा आहे. पण त्या परीक्षेत गुण न येणे, ज्याला अनुपशय म्हणतात, हीसुद्धा माहिती असते आणि ती जपून ठेवावी लागते. गॅरेजात नेमकी हीच माहिती फेकून दिली जाते. पॅड बदलूनही ब्रेक गेला, याचा अर्थ दोष पॅडमध्ये नव्हता. बूस्टर बदलूनही गेला, म्हणजे बूस्टरमध्येही नव्हता. दोन महागड्या परीक्षांनी मिळवलेले हे ज्ञान कुठेही लिहिले गेले नाही. बिलावर लिहिले गेले ते ‘बूस्टर : नग १’. तिसऱ्या ठिकाणी गाडी गेली तेव्हा सारे पुन्हा शून्यापासून सुरू झाले.

आपल्याकडच्या मोटारदुरुस्तीचे दुखणे मला इथे दिसते. ज्ञान साचत नाही. गिऱ्हाईक चिडून दुसरीकडे जाते, त्याच्यासोबत ‘हे नव्हते’ ही माहितीही जाते, आणि गिऱ्हाईकाला तिचे मोल नसल्यामुळे तो ती दुसऱ्याला सांगताना शिवीच्या रूपात सांगतो : ‘त्या गाढवाने उगाच बूस्टर बदलला.’ पहिल्या मेकॅनिकला तर आपला उपाय फसला हे कळतही नाही. गिऱ्हाईक परत आले नाही, म्हणजे काम झाले, अशी त्याची समजूत. वीस वर्षे तो बूस्टर बदलत राहू शकतो आणि प्रत्येक वेळी आपण बरोबर होतो असे प्रामाणिकपणे मानू शकतो. अनुभव अनुभव म्हणतात तो असाही असतो.

या विषयावरचे सर्वांत प्रसिद्ध ललित लेखन अर्थातच रॉबर्ट पिर्सिग यांचे. ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (१९७४) या पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात निवेदकाची मोटारसायकल पुनःपुन्हा जाम होते, गॅरेजातली रेडिओ लावून काम करणारी पोरे ती पुनःपुन्हा उघडतात आणि अधिकच बिघडवतात. शेवटी कारण निघते ते तेल वर पोचवणाऱ्या यंत्रणेतली तुटलेली, काही सेंट किमतीची पिन. पिर्सिग यांचा निष्कर्ष असा की ती पोरे कामात नव्हतीच, ती प्रेक्षक होती. त्यांना आस्था नव्हती. आमच्या अनेक सुशिक्षित मित्रांना हा निष्कर्ष पटतो, कारण तो आपल्याला मेकॅनिकपेक्षा नैतिकदृष्ट्या वर बसवतो. मला तो बुलढाण्यात लागू करवत नाही. खामगावच्या किंवा मेहकरच्या गॅरेजात उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याखाली गाडीच्या पोटाशी झोपलेला मनुष्य प्रेक्षक नसतो. त्याला आस्था असते. त्याच्यापाशी नसतात दुसऱ्याच गोष्टी.

पहिली म्हणजे माहिती. २०१० नंतर आपल्याकडच्या मोटारींत बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा आली, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर, त्याच्या मागेपुढे दाबाचे आणि तापमानाचे सेन्सर असा सगळा संसार वाढला. हे वाचायला यंत्र लागते, आणि यंत्राने सांगितलेले समजायला कंपनीची वायरिंगची चित्रे व तपासणीचा क्रम लागतो. ही सामग्री स्वतंत्र गॅरेजांना मिळत नाही, हा केवळ त्यांचा कांगावा नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये दिलेल्या निर्णयात हेच म्हटले होते. तीन कंपन्यांविरुद्धच्या एका तक्रारीतून सुरू झालेली ती चौकशी पुढे वाढली, आणि सुटे भाग व निदानाची साधने खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला गेला. अपिलांमुळे पुढे प्रकरण लांबले आणि आकडे बदलले, ते असो. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या कल्पनेखाली जी चार क्षेत्रे निवडली त्यांतही मोटारवाहने आहेत. चिखलीच्या मिस्त्रींच्या भिंतीवर यातले काही अद्याप उतरलेले नाही. तिथे एक जुने दिनदर्शिकेचे पान आहे आणि त्याच्या पाठीवर कोणीतरी हाताने काढलेली, फ्यूजच्या डबीची आकृती.

दुसरी गोष्ट आपल्या क्षेत्रातली आहे, आणि तिच्याविषयी आपण बोलत नाही : शब्द. वऱ्हाडातल्या गॅरेजची भाषा ऐकण्यासारखी असते. गाडी ‘मिसिंग मारून राह्यली’, ‘पिकअप घेत नाही’, ‘हीट होते’, ‘स्टेअरिंग एका बाजूला ओढते’, ‘डिझेलमधी हवा घेतली’. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला, ‘उस्ताद’ फारसीतून, ‘पाना’ आणि ‘पेचकस’ आपले झालेले, बाकी सगळे इंग्रजी. आणि क्रियापदे अस्सल वऱ्हाडी. या भाषेची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. पण तिच्याकडे नीट पाहिले तर जाणवते की ती लक्षणांची भाषा आहे. कारणांसाठी तिच्यात जागा कमी आहे. त्याउलट आपल्या शेतीची भाषा घ्या. याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (साहित्य अकादमी पुरस्कार, २००४) ज्यांनी वाचली असेल त्यांना जमिनीविषयी, पेरणीविषयी, पावसाच्या ओढीविषयी किती बारीक भेद करणारे शब्द इथल्या बोलीत आहेत हे वेगळे सांगायला नको. ती भाषा शेकडो वर्षांत घडली. मोटार घरोघरी येऊन जेमतेम दोन पिढ्या झाल्या. भाषा संचालनालयाने अभियांत्रिकीचे परिभाषा कोश केले, त्यांतले शब्द तेलाचा हात कधी लागलेला नसल्यासारखे स्वच्छ राहिले.

लक्षणाचे नाव घेतले की कारण सांगितल्याचे समाधान मिळते, ही या भाषेतली खरी मेख. गाडी का थांबली? मिसिंग होती म्हणून. मिसिंग का होती? त्याला उत्तर म्हणून प्लग बदलला जातो. संगणकाने यात सुधारणा झाली असे वाटत असेल तर तो भ्रम आहे. पी-००८७ असा संकेत पडद्यावर उमटला की त्याचा अर्थ ‘इंधनाच्या नळीतला दाब कमी’ एवढाच. दाब कमी का, ते तो सांगत नाही. फिल्टर तुंबला असेल, पंप झिजला असेल, एखादा इंजेक्टर गळत असेल, दाब मोजणारा सेन्सरच खोटे बोलत असेल. पण पडद्यावर इंग्रजीत अक्षरे आली की शोध संपतो आणि पंपाची किंमत सांगितली जाते. आपल्या विभागांतल्या समीक्षेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कवितेला संकेत क्रमांक द्यायचा, ‘अस्तित्ववादी’, ‘उत्तर-आधुनिक’, ‘देशीवादी’, आणि मग त्या क्रमांकासमोर जो भाग लिहिला असेल तो बसवून द्यायचा. कविता कोणत्या वळणावर तापते ते कोणी हात लावून पाहत नाही.

वर्तमानपत्रांत हीच भाषा अधिक गंभीर रूपात येते. ‘ब्रेक निकामी झाल्याने’, ‘टायर फुटल्याने’ : अपघाताच्या बातमीत हे शब्द आले की वाक्य पूर्ण होते. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुटा गावाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बस ज्या बाजूवर पडली त्या बाजूलाच दार होते. पहिल्या काही तासांत सर्वत्र फिरलेले कारण होते टायर फुटल्याचे. चालकाने तसे सांगितले होते. परिवहन विभागाच्या प्राथमिक पाहणीत मात्र टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. त्या अपघाताचा दोष कोणाचा, हा न्यायालयाचा प्रश्न आहे आणि त्यात मी शिरत नाही. मला दिसते ते एवढेच की ‘टायर फुटला’ हे वाक्य किती सहज तयार होते आणि किती चटकन पुरेसे वाटते. जो फुटलाच नव्हता त्या टायरची हळहळही काही तास लोकांनी केली. फुटला असता तरी प्रश्न उरलेच असते : का फुटला, कधी तपासला होता, कोणी ठीक म्हटले होते.

‘ठीक म्हणणे’ ही आपल्याकडची जुनी कला आहे, आणि तिच्यावरची मराठीतली एक उत्तम कादंबरी याच जिल्ह्याने दिली. रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ (२००५) साक्षरता मोहिमेवर आहे. तिथले मास्तर निरक्षरांना साक्षर करीत नाहीत. साक्षर झाल्याचे कागद करतात. हसता हसता वाचकाच्या लक्षात येते की या व्यवस्थेत कोणीही एकटा खोटे बोलत नाही. वरून तक्ता येतो, तक्त्यात रकाना असतो, रकाना भरावा लागतो. सेवा केंद्रातले जॉब कार्ड मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ही कादंबरी आठवली. त्यात किती तरी रकाने होते, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. ‘तपासले, कारण सापडले नाही’ असे लिहिण्यासाठी एकही रकाना नव्हता. त्या तरुणाने तसे लिहायचे ठरवले असते तरी लिहिणार कुठे? बरे, गाडीला प्रत्यक्ष हात लावणारा आणि गिऱ्हाईकाशी बोलणारा, हे तिथे दोन वेगळे लोक असतात. बोलणारा इस्त्रीच्या सदऱ्यात बाहेर बसतो, हात लावणारा काचेपलीकडे दिसतो. बाईंनी सांगितलेले ‘घाटाच्या शेवटच्या वळणांवर, आणि थांबल्यावर पुन्हा ठीक’ हे अमोल वाक्य काचेपलीकडे पोचेपर्यंत ‘ब्रेक चेक’ एवढे उरले होते.

तिसरी उणीव पैशाची आहे, आणि तिथे गिऱ्हाईक म्हणून आपणही या कथेत आहोत. मेकॅनिकने अर्धा तास प्रश्न विचारले, घाटात फेरी मारली, चाकांना हात लावून पाहिला आणि ‘बाकी सगळे ठीक आहे, पिना साफ करा’ म्हणून सांगितले, तर त्याला काय द्यायचे? ‘नुसते पाहिले तर त्याचे कसले पैसे?’ हा आपला प्रतिप्रश्न ठरलेला. बदललेल्या भागाचे पैसे आपण बिनतक्रार देतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. जुना भाग पिशवीत घालून घरीही नेतो. म्हणजे निदानाची किंमत शून्य आणि भागाची किंमत पूर्ण, असा बाजार आपणच मांडला आहे. त्या बाजारात टिकायचे तर मेकॅनिकने भागच बदलले पाहिजेत. डॉक्टरांच्या बाबतीत आपण तपासणीची फी वेगळी देण्यास शिकलो. औषध न लिहिता ‘काही झालेले नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरलाही देतो. मिस्त्रींना देत नाही. यात जात, शिक्षण, कपडे यांचा भाग किती, हे ज्याने त्याने आपल्याशी ठरवावे.

कायद्याचा आधार नाही असे नाही. दुरुस्ती ही ‘सेवा’ आहे. तिच्यातली त्रुटी ग्राहक आयोगापुढे नेता येते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दोन गोष्टी सोप्या केल्या : तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, म्हणजे कंपनी कुठलीही असो, बुलढाण्याचा मनुष्य बुलढाण्यात दाद मागू शकतो, आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पण आयोगापुढे उभे राहिल्यावर पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. दोष होता हे कशावरून? तज्ज्ञाचे मत आणा. तज्ज्ञ म्हणजे दुसरा मेकॅनिक. आणि पहिल्याविरुद्ध लेखी मत देणारा दुसरा मेकॅनिक लहान गावात मिळत नाही. दोघांची दुकाने एकाच रस्त्यावर असतात, पोरे एकाच शाळेत. संपूर्ण गाडीच बदलून मिळावी या मागणीला तर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच, मारुती उद्योगाच्या एका खटल्यात, बांध घातला आहे. दोष क्लचचा होता. दोष असलेला भाग बदलून देता येत असेल तर सारी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्याय म्हणून ते वाजवी आहे. अडचण एवढीच की त्यात दोष कोणत्या भागात आहे हे ठरलेले असते, आणि आपल्या गोष्टीत तेच ठरत नाही.

म्हणून माझा आग्रह न्यायालयापेक्षा कागदाच्या एका कपट्यावर आहे. गॅरेजने गाडी परत देताना तीन ओळी लिहून द्याव्यात : गिऱ्हाईकाने काय सांगितले, त्याच्याच शब्दांत, काय तपासले आणि काय नव्हे असे ठरले, आणि कारण सापडले की नाही. तिसऱ्या ओळीत ‘नाही’ लिहिणाऱ्याला पूर्ण तपासणीचे पैसे मिळावेत. तो कागद घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेले तर दुसरा शून्यापासून सुरू करणार नाही, आणि घाटाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला आपल्या गाडीविषयी खरे ते ठाऊक असेल. यावर आक्षेप येईल की मेकॅनिक लिहित नाहीत. येईल आणि तो खरा आहे. गॅरेजातली बहुतेक पोरे शाळा सोडून उस्तादाच्या हाताखाली शिकतात. जी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जातात त्यांच्यासाठी मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. त्यात इंजिन उघडणे-बांधणे आहे, आता सेन्सरही आहेत, आणि ‘रोजगारक्षमता कौशल्ये’ या नावाचा एक विषय आहे, ज्यात संभाषण, अर्जलेखन वगैरे येते. समोरच्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत नीट उतरवून घेणे, त्यातले पाहिलेले कोणते आणि तर्क केलेला कोणता हे वेगळे करणे, आणि जे कळले नाही ते न लपवता लिहिणे, हे त्या विषयात कोणी शिकवायचे असेल तर मराठीच्या प्राध्यापकांइतके योग्य लोक जिल्ह्यात दुसरे नाहीत. बुलढाण्यात आपले विभाग आणि त्यांची कार्यशाळा यांच्यामध्ये पंधरा मिनिटांचेही अंतर नाही.